कॉम्प्रेसर बदलला की वीज निम्म्यावर येते का?

प्रश्न: आमचा दोन दारांचा, 280 लिटरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज 14 वर्षांचा आहे. हल्ली कॉम्प्रेसर थांबतच नाही असं वाटतं. प्लगला लावायचा वीजमापक आणून पाहिलं, तर 24 तासांत 2.4 युनिट खर्च झाले आणि कॉम्प्रेसर चालू असताना 115 वॅट दिसत होते. मेकॅनिक म्हणतो, पंपिंग गेलंय, आता इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच बसवून घ्या, वीज निम्मी होईल. बहिणीकडे जवळपास याच मापाचा नवा इन्व्हर्टर फ्रीज आहे आणि तो खरोखर निम्म्याहून कमी वीज खातो, त्यामुळे त्याचं म्हणणं पटतंही. नवा फ्रीज घ्यायला गेलो तर दुकानात कोणी लिनिअर सुचवतं, कोणी साधा इन्व्हर्टर. रोटरीचंही नाव कानावर आलं. सासरे म्हणतात, एवढं काही करू नका, रात्री चार तास बंद ठेवत जा. कोणाचं ऐकू?

उत्तर: तुम्ही मोजून आकडे कळवलेत, त्यामुळे अंदाजावर बोलण्याची गरज उरली नाही. कॉम्प्रेसरच्या प्रकारांकडे वळण्याआधी याच आकड्यांचा हिशेब करू, कारण मेकॅनिकने न सांगितलेली गोष्ट त्यातच आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो. तो साधारण 180 वॅटचा धरला आणि दिवसातून दोनदा 20-20 मिनिटं चालतो असं मानलं, तर त्याचे 0.12 युनिट. उरलेल्या 2.28 युनिटांना 115 वॅटने भागा. कॉम्प्रेसर दिवसाला जवळपास 20 तास चालतोय. आता जुना, एकाच गतीने फिरणारा कॉम्प्रेसर एक वॅट वीज खाऊन साधारण 1.2 वॅट उष्णता आतून बाहेर काढतो असं धरू. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात, पुढे तोच शब्द वापरतो. या हिशेबाने तुमचा फ्रीज दिवसभरात सरासरी 114 वॅट उष्णता बाहेर फेकतोय. पण या मापाचं धडधाकट कपाट 30-32 अंशांच्या खोलीत साधारण 50 ते 60 वॅट उष्णताच आत घेतं.

म्हणजे दोनपैकी एक गोष्ट घडतेय. एकतर आत येणारी उष्णता दुप्पट झाली आहे, नाहीतर कॉम्प्रेसर 115 वॅट खाऊनही निम्मंच काम करतोय. मेकॅनिकने दुसरी शक्यता धरली. असेलही तसं. पण पहिली शक्यता खरी असेल आणि तुम्ही नवा कॉम्प्रेसर बसवलात, तर काय होईल ते पाहा. जुन्याच्या 1.2 ऐवजी 1.6 सीओपीचा उत्तम कॉम्प्रेसर आला तरी 2.28 चे 1.71 युनिट होतील, हीटर धरून 1.83. बचत पावपट. उलट जुनाच कॉम्प्रेसर ठेवून उष्णतेची गळती पूर्ववत 55 वॅटवर आणली, तर एकूण खर्च 1.2 युनिटांवर येईल. निम्मा! आणि पंपिंग खरंच गेलं असेल, तर त्याच जातीचा साधा नवा कॉम्प्रेसर बसवूनही जवळपास तेवढाच फरक पडेल. 14 वर्षांत फोमची रोधकता थोडी उतरलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात 1.2 च्या जागी 1.4 किंवा 1.5 धरा. तरीही वीज निम्म्याजवळ आणायला इन्व्हर्टरच हवा, हे गृहीतक टिकत नाही.

मग बहिणीचा फ्रीज? तिथे कॉम्प्रेसर इन्व्हर्टर आहे हे खरं, पण त्याच्यासोबत फोम नवा आहे, दाराचं रबर नवं आहे, कॉइल बहुधा मोठी आहे, गॅस वेगळा असण्याची शक्यता आहे आणि डिफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणं, ठरावीक तासांनी न होता गरजेनुसार होत असेल. या सगळ्यांची एकत्र बचत मीटरवर दिसते आणि श्रेय दारावरच्या स्टिकरला जातं.

आता प्रकारांबद्दल. दुकानात गोंधळ होतो कारण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. गॅस दाबायचा कसा, हा एक प्रश्न. त्याची उत्तरं पिस्टन, रोटरी, लिनिअर. मोटर कोणती आणि तिची गती बदलते का, हा दुसरा. इन्व्हर्टर हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून बहुतेक इन्व्हर्टर फ्रीजच्या काळ्या डब्यात आजही पिस्टन, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच असतात. बदलते ती मोटर.

जुन्या कॉम्प्रेसरची मोटर दोन पोलची इंडक्शन मोटर असते. 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर ती मिनिटाला साधारण 2,900 फेरे फिरते. गरज कमी असो की जास्त, गती तीच. तिच्या रोटरमध्ये प्रवाह निर्माण व्हावाच लागतो, त्याशिवाय ती फिरणार नाही, आणि त्या प्रवाहाची उष्णता वाया जाते. शिवाय ती चालू करण्यासाठी लावलेला पीटीसी रिले मोटर सुरू झाल्यावरही गरम राहण्यापुरते दोन-तीन वॅट खात बसतो. तुमच्याकडे रोज 20 तास, म्हणजे साधारण 0.05 युनिट नुसत्या रिलेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये कायम चुंबक असलेली बीएलडीसी मोटर असते. रोटरमध्ये प्रवाह लागत नाही, पीटीसी लागत नाही, आणि बोर्ड तिला साधारण 1,200 पासून 4,500 फेऱ्यांपर्यंत हव्या त्या गतीने फिरवू शकतो. यातून मोटरची कार्यक्षमता वाढते हे नक्की, पण इन्व्हर्टरच्या बचतीचा मोठा वाटा मोटरमध्ये नाहीच. तो कॉइलमध्ये आहे.

हे थोडं उलगडून सांगायला हवं. कॉम्प्रेसरचं काम म्हणजे थंड कॉइलमधली उष्णता गरम कॉइलपर्यंत चढवणं. या दोन कॉइलच्या तापमानात जितकं अंतर, तितकी वीज. समजा फ्रीझरची कॉइल उणे 25 अंशांवर आहे आणि कंडेन्सर, म्हणजे बाहेरची गरम कॉइल, 50 अंशांवर. अंतर 75 अंश. भौतिकशास्त्राच्या नियमाने या अंतरावर जास्तीत जास्त शक्य सीओपी 3.3 येतो. प्रत्यक्षातले कॉम्प्रेसर त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली राहतात. आता तोच कॉम्प्रेसर निम्म्या गतीने चालवला. दर सेकंदाला निम्मीच उष्णता कॉइलमधून जाणार, कॉइल मात्र तेवढ्याच मोठ्या. त्यामुळे कंडेन्सरला 50 अंशांपर्यंत तापावं लागत नाही, 42 ला काम भागतं. फ्रीझरची कॉइलही उणे 21 वर राहून तेवढाच गारवा देते. अंतर 63 अंश, आणि कमाल सीओपी 4. कॉम्प्रेसरच्या रचनेत काडीचाही बदल न करता 20 टक्क्यांहून जास्त फायदा!

दुसरा फायदा थांबण्या-सुरू होण्यातला. साधा कॉम्प्रेसर थांबला की कंडेन्सरमधला गरम गॅस केशनळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, गार कॉइलमध्ये घुसतो आणि तिला गरम करतो. पुन्हा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं हा गॅस परत ओढण्यात जातात. इन्व्हर्टर कमी गतीने जवळजवळ अखंड चालतो, म्हणून हे नुकसान टळतं. त्यामुळे इन्व्हर्टर फ्रीज दिवसभर गुणगुणताना दिसला तर घाबरायचं कारण नाही. चालण्याचे तास त्याच्या बाबतीत काही सांगत नाहीत, वॅट सांगतात.

एक समज मात्र दूर करायला हवा, कारण विक्रेते तो हमखास पुढे करतात: ‘सुरू होताना झटका बसत नाही, म्हणून वीज वाचते.’ सुरू होताना साध्या कॉम्प्रेसरने 1,000 वॅट खेचले, आणि तेही पूर्ण अर्धा सेकंद, असं धरलं तरी एका वेळचे 0.14 वॅट-तास होतात. दिवसात 40 वेळा सुरू झाला तरी 0.006 युनिट. बिलात ते दिसणारही नाहीत. फ्रीज घरच्या बॅटरीवर किंवा सौर यंत्रणेवर चालवायचा असेल तर हा झटका महत्त्वाचा ठरतो, कारण तो पेलायला मोठं उपकरण घ्यावं लागतं. बिलाचा त्याच्याशी संबंध नाही.

गती मनाला येईल तितकी खाली नेता येत नाही. डब्याच्या तळाचं तेल फिरत्या शाफ्टमधल्या खाचेतून वर चढतं. फेरे फार कमी झाले की तेल वर पोचत नाही आणि बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून लहान कपाटात गरजेपेक्षा मोठा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर बसवला, तर तो सर्वांत कमी गतीवरही जास्तच गारवा करतो आणि साध्यासारखा चालू-बंद होत राहतो. उलट टोकाला, खोली फार तापलेली, दार सतत उघडं, फ्रीज खच्चून भरलेला असं असेल, तर तो सतत वरच्या गतीवर धावतो आणि कॉइलवाला फायदा उरत नाही. इन्व्हर्टर खरा कमाई करतो तो मोठ्या कपाटात, जिथे एरवीची गरज कमी आणि अधूनमधून जास्त असते.

पिस्टनवाल्या रचनेतही चांगलं-वाईट असतं, आणि हे स्टिकरवर कधी लिहिलेलं नसतं. पिस्टन वरच्या टोकाला पोचला तरी त्याच्या आणि झडपेच्या मध्ये थोडी जागा उरते. तिथला दाबलेला गॅस पिस्टन मागे येताना पुन्हा फुगतो आणि नव्या गॅसची जागा अडवतो. फ्रीजमध्ये दाबांचं प्रमाण साधारण 12 पट असतं, त्यामुळे ही छोटीशी जागाही महागात पडते. आत येणारा गॅस डब्याच्या उष्णतेने आधीच तापला तर तो विरळ होतो आणि दर फेऱ्याला कमी गॅस भरतो. म्हणून आतला सक्शन मफलर धातूऐवजी प्लास्टिकचा करतात. तेल पातळ असेल तर घर्षण कमी. असल्या बारीकसारीक सुधारणांमुळेच आजचा चांगला साधा कॉम्प्रेसरही 14 वर्षांपूर्वीच्यापेक्षा पुष्कळ सरस असतो. कॉम्प्रेसर तपासण्याची एक ठरलेली स्थिती आहे, बाष्पीभवन उणे 23.3 अंशांवर आणि कंडेन्सर 54.4 अंशांवर. त्या स्थितीत जुने कॉम्प्रेसर 1.2-1.3, आजचे चांगले साधे 1.5-1.6 आणि उत्तम इन्व्हर्टर 1.8 च्या आसपास सीओपी देतात. तुलना करायचीच तर या आकड्यांची करावी.

रोटरीत पिस्टन वर-खाली होत नाही. गोल सिलिंडरच्या आत एक रोलर लोळतो आणि पातं गॅसचे दोन भाग वेगळे ठेवतं. सुटे भाग कमी, मोकळी जागा कमी, आकार लहान. एअर कंडिशनरमध्ये ही रचना उत्तम चालते, कारण तिथे दाबांचं प्रमाण तीन-चार पट असतं. फ्रीजच्या 12 पटीला रोलर आणि भिंत यांच्यातल्या काही मायक्रॉनच्या फटीतून गॅस मागे सुटतो. शिवाय रोटरीचा डबा सहसा जास्त दाबाच्या, गरम गॅसने भरलेला असतो, म्हणजे थांबल्यावर ती सगळी उष्णता कॉइलकडे धावते आणि तिला अडवायला वेगळी झडप लागते. जनरल इलेक्ट्रिकने 1986 मध्ये घरगुती फ्रीजसाठी रोटरी कॉम्प्रेसर आणला होता. तो इतक्या मोठ्या प्रमाणात बिघडला की कंपनीला दहा लाखांहून अधिक कॉम्प्रेसर बदलून द्यावे लागले. घरगुती फ्रीज घेताना रोटरीचा विचार तुम्ही डोक्यातून काढून टाकलात तरी बिघडत नाही.

लिनिअरमध्ये क्रँकच नसतो. मोटर सरळ रेषेत पुढे-मागे होते आणि पिस्टन तिलाच जोडलेला, स्प्रिंगांच्या नैसर्गिक ठोक्यावर हलणारा. क्रँकवाल्या रचनेत कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर दाबला जातो. ते घर्षण इथे जवळजवळ नाहीसं होतं. कागदावर ही सर्वांत देखणी रचना. अडचण अशी की पिस्टन कुठे थांबायचा हे ठरवणारा दांडा नाही, सगळं नियंत्रण बोर्डाच्या हाती. थोडा जास्त पुढे गेला तर झडपेच्या प्लेटवर आदळेल, मागे राहिला तर मोकळी जागा वाढून फायदा घटेल. चांगल्या पिस्टन-इन्व्हर्टरपेक्षा लिनिअर थोडा सरस असू शकतो, पण फरक इतका मोठा नसतो की त्यासाठी कमी रोधक फोमचा किंवा लहान कॉइलचा फ्रीज घ्यावा.

आता कामाला लागू. मेकॅनिकला पुन्हा बोलावण्याआधी घरच्या घरी चार गोष्टी तपासा.

कॉम्प्रेसर थांबलेला असताना मापकावर किती वॅट दिसतात ते आधी पाहा. शून्य ते दोन-तीन वॅट ठीक. दारांच्या चौकटीत छोटा हीटर असलेल्या फ्रीजमध्ये थोडे जास्त दिसू शकतात. पण 15 वॅटच्या आसपास आकडा ठाण मांडून बसला असेल, तर दार लावल्यावरही आतला दिवा जळतोय अशी दाट शंका घ्या. जुन्या फ्रीजमध्ये 15 वॅटचा साधा बल्ब असतो. तो स्वतः 15 वॅट खातो आणि त्याची उष्णता बाहेर काढायला आणखी साडेबारा. 24 तासांत 0.66 युनिट! मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो आत ठेवा, दार लावा आणि मिनिटभराने काढून पाहा. दोष असतो दाराच्या स्विचमध्ये, आणि तो बदलणं हे अगदी किरकोळ काम आहे.

मग दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी हलके ओढा. दोन्ही दारांच्या चारही बाजूंना, बिजागरीकडेही, आठ-दहा ठिकाणी करा. पट्टी अडकून यायला हवी. सहज सुटत असेल तिथून दमट हवा आत जातेय. ही हवा दुहेरी नुकसान करते, एक तिची स्वतःची उष्णता आणि दुसरं तिच्यातल्या पाण्याचा कॉइलवर बसणारा बर्फ. रबर चिकट असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. दबलेलं असेल तर गरम पाण्यात बुडवलेला फडका त्यावर काही मिनिटं धरून बोटांनी आकारात आणा. फाटलेलं किंवा कडक झालेलं असेल तर बदला. दुसरा इलाज नाही.

तिसरं, कंडेन्सर. मागे काळी जाळी दिसत असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा आणि भिंतीपासून वीतभर नसेल तरी किमान पाच-सात सेंटिमीटर अंतर ठेवा. जाळी दिसत नसेल तर नळ्या बाजूच्या पत्र्याआड आहेत. तिथे बाजूंना मोकळी हवा हवी. आता खरी परीक्षा. फ्रीज तासभर सलग चालल्यावर जाळीच्या मधल्या भागाला थर्मामीटर लावा. खोलीपेक्षा 15 अंश किंवा त्याहून गरम असेल, तर पंप गॅस ढकलतोय आणि दोष उष्णतेच्या बाजूला आहे. जेमतेम कोमट असेल, खोलीपेक्षा पाच-सात अंशच वर, तर एकतर पंपिंग गेलंय किंवा गॅस कमी आहे. मेकॅनिकचं निदान तपासायला हाताशी असलेली ही सर्वांत सोपी खूण.

चौथं, फ्रीझरच्या मागच्या पॅनलआडची कॉइल. प्लग काढून पॅनल उघडा. सर्व नळ्यांवर पातळ, एकसारखं दव गोठलेलं असेल तर उत्तम. पहिल्या दोन-तीन नळ्यांवरच बर्फ आणि बाकी कोरड्या, तर गॅस कमी किंवा कॅपिलरी-फिल्टर चोक. संपूर्ण कॉइल बर्फाच्या लादीत गाडलेली असेल, तर डिफ्रॉस्टचा हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलंय. या शेवटच्या अवस्थेत फ्रीझर बऱ्यापैकी गार राहतो, खालचा कप्पा मात्र गार होत नाही आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. नेमकी हीच लक्षणं पाहून ‘पंपिंग गेलं’ असं सांगितलं जातं, हे लक्षात ठेवा. आणि लादी चाकूने खरवडू नका. कॉइलचं ॲल्युमिनियम पातळ असतं, भोक पडलं की सगळंच संपलं.

तापमानाचीही खात्री करा. खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून दुसऱ्या दिवशी वाचा. 3 ते 5 अंश पुरेत. फ्रीझर उणे 18 पुरे. उणे 23 ठेवला तर खोली 32 अंशांवर असताना फ्रीझरच्या भिंतींतून येणारी उष्णता 10 टक्क्यांनी वाढते, आणि कॉइल आणखी गार ठेवावी लागल्याने सीओपी उतरतो तो वेगळाच.

हे सगळं करून पुन्हा 24 तास मोजा. खोलीचं तापमान आणि वापर आधीसारखाच असू द्या, नाहीतर तुलना फसेल. आकडा 1.5-1.7 वर आला तर कॉम्प्रेसरला हात लावायची गरज नाही. आला नाही आणि जाळीही कोमटच असेल, तर मेकॅनिकला गॅसचा दाब मोजणारा गेज लावायला सांगा. गेज शेवटी अशासाठी, की घरगुती फ्रीजला तो लावायचा म्हणजे बंद यंत्रणा उघडावी लागते, गॅस नव्याने भरावा लागतो. कॉम्प्रेसर बंद करताक्षणी दोन्ही बाजूंचे दाब काही सेकंदांतच सारखे झाले तर कॉम्प्रेसरची झडप पास होतेय, म्हणजे गॅस मागे सोडतेय. कॅपिलरीतून सारखे व्हायला मिनिटं लागतात.

पंपिंग गेल्याचं सिद्ध झालं, तर जुन्या कपाटात इन्व्हर्टर कॉम्प्रेसर बसवावा का? माझं मत, नको. बसत नाही असं नाही. साध्या थर्मोस्टॅटवरही स्वतःची गती ठरवणारे बोर्ड मिळतात. पण फ्रीजची कॅपिलरी जुन्या कॉम्प्रेसरच्या एकाच गतीला जुळवून कापलेली असते, थर्मोस्टॅट चालू-बंदसाठी असतो, आणि आतला पंखाही कॉम्प्रेसरसोबतच सुरू-बंद होतो. एवढ्या तडजोडींनंतर हाती येणारी बचत अपेक्षेच्या बरीच खाली राहते. वर बोर्ड नवा बिघाड घेऊन येतो तो निराळाच. त्यात तुमच्या जुन्या फ्रीजच्या माहितीच्या प्लेटवर आर-134ए हा गॅस लिहिलेला असेल आणि मेकॅनिक आर-600ए चा कॉम्प्रेसर सुचवत असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील. त्या गॅसचे फ्रीज बनवताना आतला स्विच, थर्मोस्टॅट, हीटर यांची ठिणगी किंवा उष्णता गळलेल्या गॅसपर्यंत पोचू नये अशी रचना केलेली असते. जुन्या कपाटात ती नसते.

त्याच जातीचा कॉम्प्रेसर बदलताना प्लेटवरचा गॅस, कमी दाबाच्या वापरासाठीचा वर्ग आणि सीसीमधली क्षमता जुळलीच पाहिजे. ‘एक नंबर मोठा टाकतो, झटपट गार होईल’ ही सूचना फार ऐकू येते. मोठा कॉम्प्रेसर त्याच कॅपिलरीतून येणारा गॅस अधिक जोराने ओढतो, कॉइलचं तापमान गरजेपेक्षा खाली जातं, वर सांगितलेलं अंतर वाढतं आणि वीज वाढते. फ्रीज लवकर थांबतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं एवढंच. रिले आणि ओव्हरलोड (जादा प्रवाह झाल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच) नव्या कॉम्प्रेसरच्या जोडीचेच हवेत. गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर ड्रायर प्रत्येक वेळी नवा. आर-134ए सोबतचं तेल हवेतली ओल पटकन शोषतं, त्यामुळे कॉम्प्रेसरची बुचं काढून ठेवून चहाला जाणारा मेकॅनिक नको. जोडल्यावर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालावा आणि गॅस प्लेटवरच्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर मोजून भरावा. नुसत्या गेजवर किंवा ‘नळीवर दव आलं’ म्हणून भरलेला गॅस कमी-जास्त होतोच, आणि दोन्ही बाजूंनी वीज वाढते. आर-600ए च्या फ्रीजमध्ये गॅस कित्येकदा 30 ते 80 ग्रॅमच असतो, तिथे पाच ग्रॅमची चूकही मोठी.

पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला एखाद्याच ठिकाणी सतत पाणी सुटत असेल, तर तिथला फोम ओला झालाय. अशा कपाटावर कॉम्प्रेसरचा खर्च करू नका, थेट नवा फ्रीज पाहा.

नवा घेताना कॉम्प्रेसरचं नाव शेवटी विचारा. आधी वर्षाच्या युनिटांचा आकडा पाहा आणि तो सारख्याच लिटरच्या, सारख्याच रचनेच्या फ्रीजशी ताडा. हा आकडा दार बंद ठेवून, नियंत्रित खोलीत काढलेला असतो, घरी थोडा जास्त येणार. वर्षाला 240 युनिट लिहिलेले असतील तर दिवसाला 0.66 होतात. घरचा वापर म्हणून 0.8 धरा. तुमचा फ्रीज दुरुस्तीनंतर 1.6 वर आला, तर फरक दिवसाला 0.8, वर्षाला सुमारे 290 युनिट. त्याला तुमच्या दराने गुणा आणि नव्या फ्रीजची किंमत त्याने भागा. जी वर्षं येतील ती 8-10 च्या पुढे असली तर दुरुस्ती बरी. पुढे इन्व्हर्टर फ्रीज कधी बंद पडलाच, तर कॉम्प्रेसर बदलण्याआधी बोर्ड तपासायला सांगा. कॉम्प्रेसरच्या तीनही पिनांमधला रोध सारखा येत असेल तर वाइंडिंग शाबूत आहे. आणि ‘चालतो का बघू’ म्हणून त्या पिनांना कोणी थेट घरचा पुरवठा जोडू लागलं, तर हात धरा. वाइंडिंग जळेल.

राहिले सासरे. फ्रीज रात्री चार तास बंद ठेवला तर वाचते ती फक्त आतलं तापमान वाढल्यामुळे कमी झालेली गळती. 30 अंशांच्या खोलीत खालचा कप्पा 4 वरून 10 अंशांवर गेला, तर त्या चार तासांपुरती गळती सरासरी 11 टक्क्यांनी कमी होते. पूर्ण दिवसावर पसरली की जेमतेम 2 टक्के, म्हणजे तुमच्या 2.4 मधले 0.05 युनिट. त्याबदल्यात दूध आणि शिजवलेलं अन्न रोज काही तास 5 अंशांच्या वर. त्यांना मापकावरचा 15 वॅटचा दिवा शोधायला सांगा. सापडला तर त्याच्या तेरापट बचत होईल.